कडा काढलेला पाव

नाही, तिथे नाही—त्या लाकडी ठोकळ्यावर ठेवा, उताणं. हां. आता हात काढा. अहो, काढा हात, पळून नाही जात तुमचं मशीन, पळण्यासारखं त्यात काही शिल्लक नाहीये. पीठ मळायचं मशीन ना हे? ते दिसतंच, सांध्यासांध्यात पीठ आहे. बेकरी तुमचीच? बसा मग, त्या स्टुलावर—ते डावीकडे कलतं, तेव्हा तुम्ही उजवीकडे कला. आणि हे तळाशी अडकलेलं बेअरिंग काढायचंय. काढू की, त्यात काय. पण आधी एवढं सांगा, भोकाच्या काठावर ही नक्षी कुणी केलीय? हे बघा, हा एक, हा दुसरा, आणि हा तर पार कडेवर—हातोडीचे घाव आहेत हे. ॲल्युमिनियमचं अंग, लोण्यासारखं मऊ, त्यावर असे घाव. तुम्ही मारलेत? स्वतः? वा. नाही, टोमणा नाही, कौतुकच करतेय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आजवर नुसतं ऐकून होते, आज घरबसल्या बघायला मिळालं.

आता तुम्ही विचारणारच की एवढंसं बेअरिंग निघत का नाही. सगळे विचारतात. भोक आरपार असतं ना, तर मागून दांडा घालून दोन ठोके दिले असते, तुमचा चहा संपायच्या आत काम झालं असतं—चहा मी देणार नाहीये, बोलण्याची रीत म्हणून सांगितलं. पण हे भोक आहे बंद. विहिरीसारखं, तोंड एकच. बेअरिंग तळाशी जाऊन भिंतीला चिकटून बसलंय, मागे हात घालायला वाट नाही, पुढून धरायला काही नाही, आणि पुढून ढोसलं की आणखी आत जातं. आमच्या घराण्यात अशी माणसं आहेत, त्यामुळे मला सवय आहे.

पण काय हो, समोरच्या दुकानात नाही गेलात? एवढी मोठी पाटी सोडून रस्ता ओलांडून इकडे? पाटी बघितलीत ना—वडिलांचं नाव, आणि खाली 'आणि चिरंजीव'. अक्षरं लांबून दिसावीत म्हणून लाल रंगात काढलीत. ते चिरंजीव म्हणजे आमचे धाकटे बंधुराज. मी त्या पाटीत नाही, मुलींसाठी पाटीत जागा ठेवायची पद्धत नसते. नाही गेलात? थेट माझ्याकडेच आलात? बरं बरं. माझी कीर्ती पसरली म्हणायची.

मी काही समोर बघत बसत नाही हो. मला कामं आहेत. आता हे लेथ आहे नेमकं दाराशी, मान वर केली की समोरचं दिसतं, त्याला मी काय करू. दिसतं म्हणून सांगते—बंधुराज हल्ली कप दोन्ही हातांनी धरतात. पूर्वी एका हातात कप आणि दुसऱ्या हातानं पान्याची फिरवाफिरव चालायची, आता दोन्ही हातांनी, सावकाश, मोठा विचारवंत बसावा तसा. आणि शटर बायको ओढते. माझी भावजय, एवढीशी आहे, टाचा उंच करून ओढते, आणि हा मागे खिशात हात घालून उभा. मी म्हटलं, चला, साहेब झाले. आयुष्यभर मालक व्हायचं होतं, झाले एकदाचे. आणि ठोकण्याचा आवाजही येत नाही हल्ली. मला काय, बरंच आहे, दुपारी निवांत डुलकी काढता येते. लागत नाही ती गोष्ट वेगळी. त्या ठकठकीची सवय झालेली असते ना माणसाला, ती थांबली की जाग येते.

थांबा. बॅटरी द्या ती. हे आत काय कोंबलंय? पीठ गेलं वाटतं तुमचं—काय हे, मशीन धुता की नाही कधी? ओलंच आहे अजून. दाबून भरलंय. नाही... पीठ नाही हे. पाव आहे. ओला पाव.

हसू नका. तुम्ही बेकरीवाले, तुम्हाला वाटेल पाव खायचा असतो. बंद भोकातलं बेअरिंग काढायला जगभर लोक ग्रीस भरतात. बेअरिंगच्या मधल्या भोकातून आत ग्रीस कोंबायचं, मग त्या भोकात नेमका बसेल असा दांडा घालून वर ठोकायचं—ग्रीसला जायला जागा नाही, ते मागे जातं, आणि बेअरिंगला पाठीमागून ढकलून वर आणतं. हे झालं शास्त्र. प्रत्यक्षात काय होतं, तर ग्रीस बेअरिंगच्या गोळ्यांच्या फटीतून उडतं आणि ठोकणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून आमचे वडील पाव भरायचे, भिजवून, पिळून. पाव फटीतून निसटत नाही. सगळा बाजार हसायचा त्यांना. आणि भरायचा तो कडा काढून. कड नीट भिजत नाही, आत पोकळी राहते, दाब फुकट जातो. पाव भरणारे बाजारात आणखीही असतील, पण बसून, एकेका तुकड्याची कड सोलून, पोरांना भरवावा तसा पाव भरणारी माणसं दोनच. त्यातली एक मी.

तर बेकरीवाले, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? या पावाला कड नाही. तुम्ही समोर जाऊन आलात. मान खाली घालू नका, मी काय तुम्हाला खाणार आहे? कुणी सांगितलं 'थेट आलो' म्हणायला—त्यानंच? वाटलंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गिऱ्हाईक पाठवायचं, पण पाठवलं हे कळू द्यायचं नाही.

म्हणजे हे घाव तुमचे नाहीत.

थांबा, बॅटरी इकडे धरा. पुन्हा बघू दे ते घाव.

हा हात बघा माझा. मोजा बोटं, सगळी आहेत, एकही नख वाकडं नाही. वडिलांच्या दुकानात दांडा मी धरायचे आणि ठोकायचा तो. वडिलांनी तशीच वाटणी केली होती, मुलगा ठोकणार, मुलगी धरणार. माझ्या बोटांपासून एवढ्या अंतरावर हातोडा पडायचा, आणि हा गप्पा मारत, दाराकडे बघत ठोकायचा. मी कधी डोळे मिटले नाहीत. एकदाही नाही. तो चुकेल असं मनातच यायचं नाही हो. आणि वडील गेल्यावर एका गिऱ्हाइकानं विचारलं, तुमची बहीणपण कामात असायची ना? तर हा माझ्यासमोर म्हणाला, ती फक्त दांडा धरायची. फक्त. मी दुसऱ्या दिवशी या गाळ्याची किल्ली घेतली. तेव्हापासून बोलणं बंद. लोक म्हणाले, एवढ्याशा शब्दावरून? मी म्हटलं, शब्द एवढासाच होता, बसला मात्र तळाशी जाऊन.

आणि तो माणूस कडेवर घाव घालतो. तीन-तीन.

कुठला हात थरथरतो? उजवाच? फार? तुमच्यासमोर हातोडा सुटला? आणि डॉक्टरकडे... नाही गेला. कशाला जाईल, डॉक्टर काय चिरंजीवांपेक्षा शहाणा असतो? मी रोज बघत होते. दोन्ही हातांनी कप, खिशात हात, बंद पडलेली ठकठक—सगळं माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी इथे बसून म्हणत होते की साहेब झाले. मला वाईट वाटतंय. सांगून टाकते, तुम्ही परके आहात म्हणून सांगते. फार वाईट वाटतंय.

चला, काम करू. पाव त्यानं छान भरलाय, त्यात बोट ठेवायला जागा नाही. हा दांडा बसतो का... बसला. तुम्ही धरा जरा. सरळ धरा. अहो, सरळ—आणि डोळे का मिटलेत? मी अजून हातोडा उचललासुद्धा नाही. सोडा, सोडा, तुमचं काम नाही ते. मीच धरते, मीच मारते, इतकी वर्षं तेच करतेय. हं. हा एक. हलत नाही. असू दे. आणखी थोडा पाव घालू—त्या डब्यात आहे, द्या इकडे. हो, कडा काढलेलाच आहे. माझ्याकडे असतो नेहमी. तुमच्याच बेकरीचा असेल, जरा कच्चा असतो, पण या कामाला चालतो. हं. बघा, उचललं. केसभर, पण उचललं. एकदा जागेवरून हललं ना, की मग फार ताणत नाही.

एक विचारू? त्यानं पाठवताना काय म्हटलं? 'समोर जा' म्हणाला? का 'समोरच्या बाईकडे'? नीट आठवून सांगा, मशीनचं राहू दे, बेअरिंग मी काढतेच आहे, हे मात्र नीट आठवून सांगा.

'ताईकडे न्या.'

ताई म्हणाला? तुम्हाला म्हणाला? त्याच शब्दात? तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तर... नाही, तुम्हाला कुठून सुचणार, तुम्ही तर मगाशी खोटंही धड बोलू शकला नाहीत.

निघालं. हे घ्या, तुमचं बेअरिंग—पाव चिकटलाय, पुसून घ्या. नाही, हे भंगार आहे, खिशात कशाला घालताय? नवीन बसवावं लागेल. नवीन आणलंय ना? ठेवा ते इथे. आता बसवणं हे काढण्याहून नाजूक काम. जरा तिरकं गेलं की भोकच बाद. एकट्यानं करायचं नसतं ते. एकानं धरायचं, एकानं ठोकायचं. ठोकायला मी आहे. धरायला दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही हातांनी धरलं की थरथर कमी होते, कपाचं बघितलंय मी. बोटं त्याची असतील तिथे, हे मात्र मला विसरून चालणार नाही.

तुम्ही का उभे अजून? निघा. भट्टी थंड होत असेल तुमची. मशीन संध्याकाळी घेऊन जा. इथून नाही हो, इथे कुलूप असेल. समोरून न्या. हो, समोरून, त्या लाल अक्षरांच्या दुकानातून—ऐकू येतं ना तुम्हाला? सरका बाजूला, शटर ओढू दे मला.