टाउन बसच्या मागं

(कुंभकोणम् ते तिरुविडैमरुदूर रस्ता. पुढे टाउन बस, मागे स्कूटरवर मुकुंदराव आणि त्यांची बायको वत्सला. बसमध्ये त्यांची सोळा वर्षांची मुलगी श्रीरंजनी.)

मुकुंदराव : आणखी किती जवळ जाऊ गे? टपावर चढवू का स्कूटर?

वत्सला : अहो, मागच्या काचेतनं वेणी दिसतेय तिची. म्हणजे उभी आहे. उभ्यानं कसं जाईल लेकरू?

मुकुंदराव : बाकीचे जातात तसं.

वत्सला : बाकीच्यांना बसमध्ये धाप लागून आता मरते असं झालेलं नाही.

मुकुंदराव : समुपदेशनाच्या पंकजा मॅडमनी समोर बसवून सांगिटलं होतं. आधी स्टॉपपर्यंत, मग एक स्टॉप, आणि आज एकटी अलमेलूआत्याकडे. आपण शब्द दिला होता.

वत्सला : तुम्हीच म्हणालात, नुसतं बसस्टँडपर्यंत जाऊ.

मुकुंदराव : बस सुटल्यावर "घ्या मागं" कोण म्हणालं?

वत्सला : आणि तुम्ही घेतलीत.

मुकुंदराव : घेतली खरी.

वत्सला : जूनमधे तिचे गार पडलेले हात मी धरले होते. मी दृष्ट काढली, तुम्ही ईसीजी काढलात. हृदय ठणठणीत म्हणाले. तेव्हापासून शाळा तुमच्या स्कूटरवरनं.

मुकुंदराव : तेच तर मॅडम म्हणाल्या. भीती तिची, पण मांडीवर घेऊन जोजवली आपण.

वत्सला : पण आज निघाली कशी हो. कुंकवाचा करंडा स्वतः उचलला. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला की बायकांना बोलवायला घरच्या मुलीनंच जायचं, हे मला मान्य आहे. तरी म्हटलं, औंदा मी जाते. तर म्हणे, मग मी काय बाहुल्यांबरोबर पायरीवर बसू?

मुकुंदराव : हसत म्हणाली. मी आतून ऐकलं.

वत्सला : थांबा, थांबा. तिरुभुवनम् आलं. बस थांबली. वेणी कुठंय?

मुकुंदराव : आत्ता तर होती.

वत्सला : खाली बसली असेल. चक्कर आली असेल. हॉर्न वाजवा, कंडक्टरला हाक मारा.

मुकुंदराव : वाजवतोय की. तुझा फोन वाजतोय बघ.

वत्सला : तिचाच. स्पीकरवर घेते. हॅलो, रंजनी, काय होतंय गे तुला?

श्रीरंजनी : जागा मिळाली, आई. खिडकीची. तू कुठं आहेस?

वत्सला : मी? घरी. कोलूपाशी.

श्रीरंजनी : आपला कोलू हॉर्न कधीपासून वाजवतो?

मुकुंदराव : रंजनी, मी सहज इकडं कामाला…

श्रीरंजनी : अप्पा, तुमचं लाल हेल्मेट मला खिडकीतनं दिसतंय.

वत्सला : रागावू नको बाळा.

श्रीरंजनी : ऐका तर. वाटेत धडधड सुरू झाली. जूनसारखीच. हात गार पडले.

वत्सला : म्हणूनच तर आम्ही…

श्रीरंजनी : मला पुरं बोलू दे, आई. मॅडमनी शिकवलं तसं पाय घट्ट टेकवले, श्वास हळू सोडला, बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. आणि धडधड उतरली. खरंच उतरली, अप्पा. कुणीही न धरता. मला इतका आनंद झाला की बसमध्येच ओरडणार होते. मग मागं बघितलं तर तुम्ही. वाटलं, ही दोघं मी पडायची वाट बघताहेत. पुन्हा सुरू झाली.

मुकुंदराव : आता आहे?

श्रीरंजनी : आहे थोडी. तरी बोलतेच आहे की.

वत्सला : आम्ही आत्याच्या दारापर्यंत येतो. फक्त दारापर्यंत.

श्रीरंजनी : नको, आई. आत्याकडं पोचले की फोन करीन. तिच्या गल्लीतल्या सगळ्यांना कुंकू लावून येणार आहे मी. तू घरी जा, प्रसादाच्या सुंडलला हरभरे जास्त टाक. संध्याकाळी मी बोलावलेल्या बायका येतील.

वत्सला : आणि मधेच काही झालं तर?

श्रीरंजनी : होईल. मग उतरेल. बस निघाली, ठेवते.

मुकुंदराव : घेऊ का पुढं? वत्सला, बोल. माझा हात आपला आपण घराकडं वळायचा नाही.

वत्सला : इंजिन बंद करा.

मुकुंदराव : नक्की?

वत्सला : करा हो. चालू असलं की जीव तिकडंच धावतो.

मुकुंदराव : केलं.

वत्सला : मी डोळे मिटलेत. बस दिसते का अजून?

मुकुंदराव : नाही. गेली.

वत्सला : बरं.