पंखाला दुसरा हात

१२ जुलै. दक्षिण बेटावर भर हिवाळा, उणे दोन, भुरभुर बर्फ. ऑकलंडच्या विमानात खिडकीशी माझे बाबा होते. साताऱ्यात त्यांनी जन्मभर घरं रंगवली.

बाहेर पंखावर बर्फ काढायचं केशरी औषध फवारलं आणि गाडी गेली. बाबा उठून पलीकडच्या खिडकीतून डोकावून आले.

"तिकडे वरून हिरवा दुसरा हात दिलाय. आपल्याकडे एकच."

"तो हिरवा नवा बर्फ धरू नये म्हणून असतो. बसा बाबा, त्यांना कळतं."

"गिऱ्हाइकाला मीपण हेच सांगायचो. विचार त्या बाईला."

लाजत हवाईसुंदरीला विचारलं. कॅप्टन स्वतः आला, आमच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिला.

दोन्ही पंख पहिल्यापासून फवारले. विमान अडतीस मिनिटं उशिरा उडालं.