जेट्टीवर नंबर माझा होता

माझं माहेर मुरुडच्या बाजूचं, अगदी किल्ल्याच्या समोर. समुद्रात किल्ला, अलीकडे धक्का, आणि धक्क्यावर माझे बाबा. बाबा गाईड होते, म्हणजे बोर्ड नाही, युनिफॉर्म नाही, डोक्यावर एक पांढरी टोपी आणि खणखणीत घसा, बस. शिडाच्या बोटीतून लोकांना न्यायचं, तोफा दाखवायच्या, गोड्या पाण्याचं तळं दाखवायचं, परत आणायचं. मी लहानपणापासून एकच बघितलं, की पुण्यामुंबईहून लोक येतात आणि धक्क्यावरच्या माणसांना वरपासून खालपर्यंत बघतात, बाजारात वांगी बघतात ना तसं, हा नको, तो द्या. पण आमच्या धक्क्यावर ते चालायचं नाही. आमच्याकडे नंबर होता. सकाळी जो आधी आला त्याचा पहिला नंबर, पहिली बोट त्याची, मग तो म्हातारा असो, काळा असो, त्याला इंग्लिश येवो न येवो.

एक रफिकचाचा होते, ते बोलताना अडखळायचे. एकदा कॉलेजची आख्खी बस आली, नंबर चाचांचा, आणि सर म्हणाले हे नकोत, तुम्ही चला. बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले नंबर त्यांचा आहे, यायचं तर त्यांच्याबरोबर या. सर चिडले, आख्खी बस किल्ला न बघता परत गेली, त्या दिवशी बाबांच्याही हाताला काही लागलं नाही आणि चाचांच्याही. घरी आई काय बोलली असेल ते तुम्हीच समजा. बाबांचा राग तो सगळा माझ्यात उतरलाय. भावाच्या वाट्याला त्यांचं नाक आलं, माझ्या वाट्याला राग.

मी तेव्हा ठरवलं होतं की आयुष्यात काहीही करीन, धक्क्यावर उभी राहणार नाही. आणि बघा आता. कुठे मुरुड आणि कुठे हे ऑस्ट्रेलियातलं कांगारू आयलंड, आणि मी परत जेट्टीवर उभी, हातात पाटी, मनीषा टूर्स.

ॲडलेडला हॉस्पिटॅलिटी शिकायला आले होते. मग पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, पाहिजे तर रीजनलला, मोठ्या शहरांबाहेर जा म्हणाले, म्हणून इथे बेटावर आले, मोटेलमध्ये खोल्या साफ केल्या, चादरी बदलल्या, माझा नवरा प्रसाद फेरीबोटीवर कामाला लागला. आणि मी या बेटाच्या प्रेमात पडले हो, खरंच सांगते. ग्रेग म्हणून इथला मेंढ्या पाळणारा म्हातारा, तो बाजूला टूर करायचा. त्याचं रान मोठ्या आगीत जळलं, तो थकला, तेव्हा त्याच्या दोन्ही व्हॅन मी घेतल्या. लायसन्स काढलं, परमिट काढलं. आता ग्रेग माझ्याकडे कामाला आहे, क्रूझची शिप येते त्या दिवशी दुसरी व्हॅन चालवतो.

पण काय सांगू तुम्हाला, लोक उतरले की हात पुढे करून सरळ ग्रेगकडे जातात. त्याची ती हॅट, तो लाल चेहरा. ग्रेग बिचारा म्हणतो, मेट, बॉस ती आहे, मी नुसता स्टीअरिंग धरतो. मी आधी हसायचे. इथले गोरे म्हातारे-म्हाताऱ्या तर पाच मिनिटांत विसरतात, कुठून आलीस लव्ह विचारतात आणि मग पेंग्विनबद्दल बोलायला लागतात. त्यांचा मला राग नाही. राग मला आपल्या लोकांचा आहे. लिहा हे, अगदी असंच लिहा.

तर मागच्या सीझनला मला सिडनीहून फोन आला, अश्विनी नावाची बाई, नवरा वेस्टमीडला मोठा डॉक्टर. क्रूझने येणार, इथे एक दिवस शिप थांबणार, प्रायव्हेट गाईड पाहिजे. काय गोड बोलली! अय्या, तू मराठी आहेस, किती छान, आम्ही मुद्दाम तुलाच घ्यायचं ठरवलं, माझ्या सासूबाई आहेत ना बरोबर, त्यांना इंग्लिश येत नाही, तुझ्यामुळे त्यांना सगळं कळेल. मग आपल्या लोकांना काही कमी करशील ना ताई? केलं. मग दुसरा फोन, ताई, आईंना शिपवरचं खाऊन कंटाळा येईल, घरचं काही आणशील का? आणीन म्हटलं. आता तुम्ही सांगा, कुठल्या गोऱ्या गाईडला कोणी थालीपीठ मागितलं असेल? पण मला राग नाही आला तेव्हा, उलट बरं वाटलं, कुणीतरी म्हातारं माणूस येतंय मराठी बोलणारं. पहाटे उठले, थालीपिठं लावली, लोणी, दह्यातली चटणी, स्टीलचा मोठा डबा भरला.

इथे शिप लांब उभी राहते, लहान लहान बोटींतून लोक जेट्टीला येतात. ही मंडळी उतरली. डॉक्टर, अश्विनी, त्यांची दोन मित्र-जोडपी दिल्लीकडची, आणि सगळ्यात शेवटी काकू. नऊवारी नाही हं, पंजाबी ड्रेस, वर जाड स्वेटर, पायात नातवाचे बूट. एकाही माणसाने त्यांना उतरताना हात दिला नाही, बोटीवरच्या पोरीने दिला.

मी पुढे झाले, नमस्कार काकू म्हटलं. त्यांचा चेहरा असा खुलला की बस. आणि तेवढ्यात त्या मित्रांपैकी एकाची नजर मागे उभ्या ग्रेगवर गेली. तो म्हणतो, अरे यार, ये तो अपनी ही निकली, इतनी दूर आके इंडियन गाईड? असली वाले के साथ चलते हैं ना. माझ्यासमोर. माझ्या तोंडावर. जणू मला हिंदी कळतच नाही.

आणि डॉक्टर, तो मराठी माणूस, त्याने काय म्हणावं? मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवल्यासारखा आवाज काढला, म्हणाला, हे बघ मनीषा, मनाला लावून घेऊ नकोस, या मित्रांना ना ऑथेंटिक एक्सपीरियन्स पाहिजे, आम्ही त्या काकांबरोबर जातो, तू आईला घेऊन इथेच कुठेतरी जवळपास फिरव, तिला नाहीतरी फार चालवत नाही. आणि हो, तो डबा तेवढा आमच्या गाडीत ठेव.

डबा आमच्या गाडीत ठेव! अहो तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे कमी करायला मी मराठी, थालीपीठ लावायला मी मराठी, तुझी आई सांभाळायला मी मराठी, आणि बेट दाखवायला मात्र मी चालत नाही? अकरा वर्षं राहतेय मी इथे. आगीत इथल्या लोकांबरोबर जळलेले कोआला गोळा केलेत मी या हातांनी. आणि तू कालपासून शिपवर बफे खातोयस आणि मला सांगतोस असली कोण ते?

आणि काकू तिथेच उभ्या होत्या हो. सगळं ऐकत होत्या. जवळपास फिरव म्हणे, कुत्रं आहे का ती?

मी डबा छातीशी धरला आणि म्हटलं, नंबर माझा आहे. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, या बुकिंगचा नंबर माझा आहे, माझ्या व्हॅनमध्ये तुम्ही सातही जण बसता, काकू पुढच्या सीटवर बसतील, यायचं तर माझ्याबरोबर या, नाहीतर नका येऊ. आवाज माझा चढला असणार, कारण जेट्टीवरचे लोक बघायला लागले. अश्विनी म्हणे, अगं ताई, असं काय करतेस, आम्ही काय परके आहोत का? मी म्हटलं तेच ना, परके असता तर असं बोलला नसता.

डॉक्टर सरळ ग्रेगकडे गेला, पाठीवर थाप मारली, म्हणाला, मेट, तू ने आम्हाला, तिचं आम्ही बघतो. ग्रेगला मी कधीतरी बाबांची गोष्ट सांगितली होती, चहा पिता पिता. मला वाटलं नव्हतं त्याच्या लक्षात असेल. त्याने हॅट थोडी मागे सारली आणि एवढंच म्हणाला, सॉरी मेट, इट्स हर टर्न. आणि गाडीचं दार लावून घेतलं. मला तिथेच रडायला आलं, पण मी रडले नाही, माझ्या रागाला रडणं परवडत नाही.

मग ते गेले दुसऱ्या एका कंपनीच्या बसमध्ये, तिथे जागा होती. जाताना डॉक्टर म्हणाला, रिव्ह्यू बघशील तू. आईला हाक मारली त्याने, आई चल. आणि मी बघते तर काकू माझ्या व्हॅनचं पुढचं दार ओढतायत. ते दार जड आहे, त्यांना उघडेना, दोन्ही हातांनी ओढतायत. मुलाकडे न बघता म्हणाल्या, तुम्ही जा, मी हिच्याबरोबर जाते, मला ते सीलचं पिल्लू बघायचंय.

तर मग आम्ही दोघीच निघालो. वाटेत काकू जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. पाच महिने वेस्टमीडला होत्या, मुलगा-सून सकाळी हॉस्पिटलला जातात ते अंधार पडल्यावर येतात, नातू यस आजी, नो आजी, एवढंच. म्हणाल्या, मी मायक्रोवेव्हशी बोलते, तो निदान शेवटी वाजतो तरी. पुढच्या आठवड्यात पुण्याला परत, आणि आता गुडघे असे, परत यायचं काही होणार नाही. सी लायन, म्हणजे ते सीलसारखेच, बघायचे ही त्यांची एकच इच्छा, कधीतरी टीव्हीवर बघितले होते.

सी लायनच्या किनाऱ्यावर लाकडी वाट बांधलीय, तिच्यावरून आम्ही अगदी हळूहळू गेलो, मी हात धरलेला. खाली वाळूवर पसरलेले ते सगळे. काकू म्हणाल्या, अगं बाई, हे तर लग्नाची पंगत उठल्यावर आडवे झालेले पाहुणेच! मग मी त्यांना सांगितलं, आई मासे धरायला समुद्रात जाते, दोन-तीन दिवस येत नाही, पिल्लू एकटं थांबतं, आणि ती आली की आवाज देते आणि एवढ्या गर्दीतून पिल्लू बरोबर तिच्याकडे जातं. मी मराठीत सांगत होते सगळं. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा मराठीत सांगितलं, मला शब्द शोधावे लागले. काकू ऐकत होत्या, मग म्हणाल्या, आमचा आवाज ऐकायला यांच्या कानातून आधी ती बोंडं काढावी लागतील. आणि हसल्या, आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम.

थालीपीठ आम्ही तिथेच बाकावर बसून खाल्लं. बाबांची आणि रफिकचाचांची गोष्ट मी सांगितली, त्यांनी ती परत सांगायला लावली.

आर्व्होला, म्हणजे दुपारी, जेट्टीवर आलो तर ती मंडळी आधीच उभी. आणि त्यांची ट्रिप छान झाली होती बरं का, मस्त मजेत होते, फोटो दाखवत होते एकमेकांना. मला वाटलं होतं देव काहीतरी अद्दल घडवेल, निदान पाऊस तरी. काही नाही. डॉक्टरने विचारलं, काय आई, कशी झाली ट्रिप? आणि काकू खाली बघून म्हणाल्या, ठीक होती.

ठीक होती! दिवसभर पोरीसारखी हसलेली बाई. मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. नंतर कळलं मला, तिला अजून आठवडाभर त्याच घरात राहायचंय, परतीचं तिकीटही त्याच्याच हातात आहे. कळलं, पण त्या वेळी नाही कळलं, त्या वेळी मी काकूंवरसुद्धा चिडले होते.

ते सगळे बोटीकडे गेले. काकू मागे राहिल्या, परत दोन पावलं आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, तू रागीट आहेस गं, तुझा तळतळाट लागेल त्याला. त्याचं वाईट चिंतू नकोस, माझा मुलगा आहे तो. शब्द दे. मी काय करणार? दिला.

आणि मग रिव्ह्यू आला. एक स्टार. उद्धट बाई, आणि पुढे काय लिहिलं होतं माहितीये? आमच्या वृद्ध आईला हिने आमच्यापासून तोडलं. मी तोडलं! मी ते वाचून फोन फेकला, स्क्रीनला तडा गेला तो अजून आहे, हा बघा. त्या सीझनला आपल्या लोकांची बुकिंगं जवळजवळ बंद झाली. प्रसाद म्हणाला, डोकं शांत ठेव, वेबसाइटवर ग्रेगचा फोटो टाक, काम तूच कर, कोणाला काय कळतंय. ग्रेगसुद्धा म्हणाला, टाक माझं थोबाड, नो वरीज. आणि खोटं कशाला सांगू, फोटो निवडला होता मी. हॅट घातलेला, मेंढीबरोबरचा. बघत बसले त्याच्याकडे. मग बाबा आठवले, ती रिकामी परत गेलेली बस आठवली. नाही टाकला. माझाच टाकला, पहिल्यापेक्षा मोठा.

आता अजूनही शिप येते, मी जेट्टीवर पुढे उभी राहते, ग्रेग मागे गाडीत पेपर वाचत बसतो. अजूनही कोणीतरी माझ्या खांद्यावरून मागे बघतं, गाईड कुठे आहे म्हणून. मी म्हणते, इथे आहे. राग गेला का विचारताय? नाही गेला. जायला पाहिजे असं वाटतही नाही मला, बाबांची तेवढीच एक वस्तू आहे माझ्याकडे.

पण काकूंना शब्द दिलाय. त्यामुळे त्या डॉक्टरचं नाव निघालं आणि तोंडात शिवी आली की मी ती गिळते आणि म्हणते, देव त्याला भरपूर आयुष्य देवो. गुडघे दुखायला लागतील इतकं भरपूर. आणि तेव्हा त्याला कोणी जेट्टीवर असं सोडून न जावो, आणि गेलंच, तर नंबर माझा असो. मी नेईन त्याला. पुढच्या सीटवर बसवीन.