जिथे माझी लिफ्ट नाही

(पाचव्या मजल्यावरचं घर. आई, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा धाकटा.)

आई : तासाला एवढे? अरे, एवढ्यात माझा गुडघ्याचा डॉक्टर सहा वेळा तपासेल, वर गोळ्याही देईल!

धाकटा : ती समुपदेशक गोळ्या देत नाही, आई. नुसतं बोलायचं असतं.

आई : बोलायचे पैसे? मी जन्मभर बोलतेय, मला कुणी दमडी दिली नाही.

धाकटा : बोलायचं मी. ती ऐकते.

आई : बरं, ऐकू दे. पण परदेशातलीच कशाला? दुखणं इथलं आणि वैद्य साता समुद्रापार! बाजाराच्या कोपऱ्यावर त्या समुपदेशक बाई बसतात ना, तिसऱ्या मजल्यावर? मी पाटी वाचलीय त्यांची. आपल्या भाषेत बोलशील तरी.

धाकटा : ही पण मराठीच बोलते. लग्न होऊन तिकडे गेलीय. पहिली पंधरा मिनिटं फुकट होती, परवा फोनवर बोललो मी तिच्याशी. आता सहा बैठकांचे पैसे आज संध्याकाळपर्यंत भरायचेत, नाहीतर माझी वेळ दुसऱ्या कुणाला जाईल.

आई : आणि पाटीवाल्या बाईंना काय धाड भरलीय?

धाकटा : त्यांच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे.

आई : मग बरंच की! ओळखीने चार पैसे कमी घेतील.

धाकटा : अगं, त्यांच्यासमोर बसून काय सांगू? माझा माझ्याच हातांवर भरवसा राहिला नाही, असं? हे ऐकल्यावर त्या घरी कशा जातील?

आई : ...जिन्याने.

धाकटा : तेच तर! गावातल्या चौऱ्याऐंशी लिफ्ट बघतो मी. इथे कुणाहीसमोर बसलो, तरी तो माणूस माझ्याच कुठल्यातरी लिफ्टने घरी जाणार. त्या तिकडच्या बाईंना माझ्या लिफ्टमध्ये कधी पाय ठेवायचा नाही. त्यांना खरं सांगता येतं.

आई : पण त्या अपघातात तुझा दोष नव्हता रे. चौकशी झाली, ब्रेकचा भागच खराब आला होता म्हणून साहेबांनी लिहून दिलं.

धाकटा : लिहून दिलं. पण लिफ्ट घसरून शाळेच्या बाई पडल्या, पाय मोडला, त्याच्या चारच दिवस आधी तो ब्रेक मी तपासला होता. या हातांनी. मला कळायला नको होतं?

आई : म्हणून दोन महिने जिने चढतोयस?

धाकटा : तुला कोण म्हणालं?

आई : कुणी कशाला म्हणायला हवं? बेल दाबायच्या आधी दाराबाहेर धापा टाकतोस, ते स्वयंपाकघरात ऐकू येतं मला. म्हटलं, चांगलंय, ढेरी उतरेल.

धाकटा : ढेरी आहे तिथेच आहे.

आई : ते दिसतंय. बरं, त्या पंधरा मिनिटांत काय विचारलं बाईंनी?

धाकटा : सगळ्यात जास्त भीती कधी वाटते, म्हणाल्या.

आई : मग?

धाकटा : जाऊ दे ना.

आई : सांग. त्यांना सांगितलंस ना? मग मला सांगायला काय झालं?

धाकटा : म्हटलं, आई भाजीला निघते तेव्हा.

आई : मी?

धाकटा : तू लिफ्टमध्ये शिरलीस की मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहतो. एकेक मजला मोजतो. खालच्या फरशीवर तुझी काठी वाजली, की मग आत येतो.

आई : अगं बाई! आणि मी शेजारणीला सांगत सुटलेय, पोरगा किती मायेचा, रोज बाहेर येऊन निरोप देतो.

धाकटा : ते पण असतंच.

आई : ...भर पैसे.

धाकटा : सहाही बैठकांचे?

आई : सहा पुरल्या नाहीत तर आणखी सहा. नवं कपाट राहू दे पुढच्या वर्षी, जुन्याचं दार काय, लाथ घातली की लागतं.

धाकटा : आणि तू काठी घेऊन कुठे निघालीस?

आई : भाजी संपलीय.

धाकटा : मी आणतो.

आई : तू पैसे भर. आणि मी लिफ्टनेच जाणार हं, या गुडघ्यांना जिना झेपत नाही.

धाकटा : आई...

आई : खाली पोचले की काठी दोनदा आपटेन. जोरात.