जयंतीचा सदरा आन् मालकिणीचं सेटर

माझं माहेर देगलूरकडचं, तिकडं निम्मं बोलणं तेलगूत, आन् सासर हे कंधार तालुक्यातलं. लग्न होऊन आले तवा लुगडं बी सासू नेसवायची. आता पन्नाशी उलटली. सासू गेली, माझ्या मिलिंदचा बाप गेला, घरात मी आन् ती खुंटीवरची पिशवी. पिशवीचं मागून सांगते. तुमी काय विचारलंत ताई, लेकरांच्या कपड्यालत्त्याला आईबापानं वर्षाचं किती काढून ठेवावं? काय सांगू तुमाला, मी अंगठेबहाद्दर, मला हिशेब कुठला यायला. पण एक गोष्ट जिंदगीभर खटकून राहिली, ती सांगते, त्यातून तुमीच काय ते काढा.

लग्नाच्या दुसऱ्या साली वस्तीनं दीक्षा घेतली. सासऱ्यानं घरातले देव नदीत सोडले आन् सगळ्यांपुढं बोलला, आजपासून शिळं मागायचं न्हाई, कुणाचं उतरलेलं अंगावर घालायचं न्हाई. तवापासून गाव दिवाळीला नवं घालायचं, आन् आमी जयंतीला. पांढरं. वर्षातून लेकराला एकच कापड, पण कोरं पाहिजे. शिंप्याला सांगायचं, चार बोटं वाढतं ठेव बाबा, पुढच्या साली उसवू. आन् थंडीला? थंडीला आईचा पदर, शेकोटी, बापाचं जुनं धोतर चौपदरी करून. थंडीसाठी कुणी निराळं कापड घेतं हेच आमाला मालूम नव्हतं.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. मिलिंद आठ वर्षांचा, एकुलता एक. रानात काम न्हाई म्हून आमी दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो, पोरगं संगं, सुकडी मिळायची ती तिथंच खायची. थंडी बी त्याच साली अशी पडली की विचारू नका. पोटात कमी असलं की थंडी जास्त लागती ताई. माझ्या लुगड्याच्या गाठीत जयंतीच्या कापडाचे पैसे होते. मिलिंदचा बाप म्हणायचा, सोड ती गाठ, पोराला काहीतरी गरम घे, जयंतीचं जयंतीला बघू. मी म्हणायचे, न्हाई, माझं पोर जयंतीला फाटक्यात उभं ऱ्हायचं न्हाई. सासरा त्याच साली वारला होता, त्याचा शब्द माझ्या डोक्यात बसलेला.

दुष्काळाआधी आमी ज्यांच्या रानात राबायचो, त्या मालकिणीनं एक दिवस बोलावलं. हातात लाल लोकरीचं सेटर, तिच्या पोराला आखूड झालेलं. बाई वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. गये, घे, म्हणली, पोर काकडायलंय. मिलिंदनं हात पुढं केला होता ताई. मी तो हात खाली ओढला. म्हणलं, मालकीणबाई, आमच्यात उतरलेलं घालत न्हाईत. ती म्हणली, अगं, थंडी का कपडा कुणाचा हाय ते बघती? मी मान ताठ करून निघाले. पोरगं मागं वळून वळून बघायलं होतं, पण मागितलं न्हाई त्यानं. मागितलं असतं तर दोन धपाटे घातले असते आन् मोकळी झाले असते.

पोराला खोकला लागला तो उन्हाळ्यापतोर गेला न्हाई. रात रात छातीला धरून बसायचे. जयंतीला कोरा सदरा घातला तर खांद्यावरनं घसरायला, पोर इतकं वाळलेलं. पहिल्या ओळीत हात जोडून उभा, आन् त्रिसरण म्हणताना दर शब्दाला खोकायचा. बाया म्हणल्या, गयाबाईचं पोर किती झाक दिसायलंय. मला नुसता खोकला ऐकू यायला.

तगलं पण. मॅट्रिक झालं. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, त्यात चिकटलं. लगीन झालं, दोन लेकरं हायेत. पहिलं पहिलं जयंतीला सगळे यायचे, आता म्हणतो, आई, तिकडंच मोठी मिरवणूक असती. दिवाळीच्या सुट्टीत येतो, एकटाच, सकाळच्या गाडीनं येतो आन् दुपारच्या गाडीनं जातो. संगं पिशवी. लेकरांना आखूड झालंय आई, वस्तीत वाटून टाक.

मी कुणाला वाटू सांगा? कुणाच्या दारात जाऊन म्हणू, घे, माझ्या नातवाचं उतरलेलं? न्हाई वाटत मी. आभाळ निवळलं की पिशवी उन्हात घालते, झटकते, घडी करते. फ्रॉक पसरून वीत लावून बघते, नात एवढी झाली म्हणायची. म्हंजे एवढी होती. माझी नातवंडं मला एक साल उशिरा दिसतात.

गेल्या खेपेला पिशवीत एक सेटर निघालं, निळं. माझ्या तोंडून निघून गेलं, मिलिंदा, मालकिणीचं सेटर मी तुला घेऊ दिलं न्हाई, माझा राग येतो का रे तुला? तो चहा पीत होता. म्हणला, कोणतं सेटर? मी सगळं सांगितलं, हात ओढला ते बी सांगितलं. हसला. मला न्हाई बा आठवत, म्हणला, पांढरा सदरा तेवढा आठवतो, लई झाक होता, तसला परत अंगाला लागला न्हाई. आन् गाडीची वेळ झाली म्हून उठला.

मी लई वेळ तिथंच बसून राहिले. खुश व्हावं का रडावं कळंना. सदरा त्याच्या ध्यानात राहिला, म्हंजे माझं चुकलं नव्हतं म्हणायचं. पण इतकी वर्षं मला वाटायचं, ती थंडी आमी दोघं मायलेकरं मिळून सोसायलो. तो तर कव्हाच उठून गेला होता. मी एकटीच बसले होते तिथं.

तर ताई, किती ते मला न्हाई सांगता यायचं. पण पहिलं थंडीचं काढा, सणाचं मागून. लेकरासाठी न्हाई म्हणत मी, लेकरं विसरतात. आईसाठी काढून ठेवा.

सुखी ऱ्हावा, तुमची लेकरं उबेला राहू द्या. दिवस कलायलाय, कानावरनं पदर घ्या, गाडीत वारं लागतं.