पेटीची चाके निखळली नाहीत

मी, वय ५२ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार लाकडाच्या वखारीमागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला. खालच्या बाजारात मला सगळे सुतारकाकू म्हणून ओळखतात. आज सकाळी नऊ वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, फौजदार बाईंनी विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. दुकान माझ्या पतीचे होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर दुकान एकवीस दिवस बंद होते. बाविसाव्या दिवशी मी ते उघडले. रंधा, करवत, पटाशी ही हत्यारे मी लग्नानंतर त्यांच्या शेजारी बसून शिकले होते. सध्या मी दारे, खिडक्या आणि शाळेची बाके करते.

या प्रकरणातील जखमी गवंडी, वय ४७, हे माझे धाकटे दीर. दुकान विकून टाकावे, बाईमाणसाने करवत धरली तर लोक घराला नावे ठेवतील, असे त्यांचे म्हणणे होते. मी विकले नाही. तेव्हापासून आमच्यात बोलणे नव्हते. भांडण झालेले नाही. बाजारात समोरून आले तर ते पलीकडच्या बाजूने जात, एवढेच.

पेटीबद्दल विचारले, त्यावरून सांगते की ती हत्यारांची पेटी मी स्वतः बनवलेली आहे. एका जुन्या सागवानी दाराच्या फळ्या वापरल्या आहेत. लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट, खोली सव्वा फूट. कोपऱ्यांना खिळा नाही, खाचा पाडून फळ्या एकमेकींत बसवल्या आहेत. मागची फळी बिजागरीवर खाली पडते, म्हणजे लांब पट्ट्या बाहेर काढून ठेवता येतात. पूर्वी तिला फर्निचरची चार छोटी चाके होती. बाजारातल्या रस्त्यावर ती चालत होती.

गेल्या महिन्यात वरच्या वस्तीतल्या शाळेच्या नऊ खिडक्यांचे काम मला मिळाले. वस्तीपर्यंत मोटार जात नाही. पायथ्यापासून सव्वा किलोमीटर दगडी पायवाट आहे, दोन वळणे आहेत, आणि मोटारी उभ्या राहतात तिथून लगेच वर एकवीस पायऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी एक छोटे चाक दोन दगडांच्या फटीत अडकून तुटले. पेटी खाली ठेवून मी हत्यारे दोन खेपांत डोक्यावरून वर नेली. त्या दिवशी उतरतानाच मी ठरवले की हिला आता खरी चाके लावायची.

भंगारवाल्याकडे मालाच्या हातगाडीची चार हवेची चाके मिळाली. चौदा इंची, टायर जाड आणि खोल खाचांचे. गंज खरवडला, ट्यूब आणि बेअरिंगे नवी घातली. वेल्डरने लोखंडी दांड्याचे दोन आस करून दिले. तो म्हणाला, आस स्क्रूने खालून बसवू, एका तासात काम होईल. मी नको म्हटले. धक्के बसले की स्क्रू लाकडातून उपटून येतो. मी फळीच्या आतून आणि बाहेरून लोखंडी पट्टी घेतली आणि आरपार सोळा बोल्ट घातले. नट आवळल्यावर प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पुढचा आस दांडीबरोबर वळतो. मागच्या दोन्ही टायरवर दाबणारा लाकडी ब्रेक केला. पहिला ब्रेक मला पटला नाही, तो मोडून दुसरा केला. सगळ्याला चार दिवस लागले. मग दोन माणसांच्या वजनाची वाळू भरून पेटी त्या एकवीस पायऱ्यांवरून तीन वेळा खाली आणली. वेल्डर बघत उभा होता. तो म्हणाला, काकू, आता हिला फक्त हॉर्न लावायचा राहिलाय.

हे इतके तपशिलाने सांगते, कारण शाळेमागच्या भिंतीचे काम घेतलेल्या ठेकेदारांनी दिलेल्या लेखी अर्जात या पेटीला "बाईने घरी ठोकलेला डबा" असे म्हटले आहे, आणि तिची चाके निखळून जखमी पायऱ्यांवर पडले व पाय तिथेच मोडला असे लिहिले आहे.

मंगळवार, तारीख नऊ रोजी सकाळी आठ वाजता मी खिडक्यांची तावदाने पेटीत घालून वर नेली. एकही काच तडकली नाही. शाळेच्या मागे डोंगराची माती अडवण्यासाठी दगडी भिंतीचे काम चालू होते. ठेकेदार वर नमूद केलेले, आणि मुख्य गवंडी माझे दीर. पेटी पाहून ते मजुरांना म्हणाले की आज वरात बूट घालून आली आहे. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. मजूर हसले. मी तावदाने उतरवून कामाला लागले.

साडेदहाच्या सुमारास मी मागच्या वर्गात खिडकीच्या चौकटीपाशी होते. मुख्याध्यापिका बाईही त्याच वर्गात होत्या. खिडकीतून मला स्पष्ट ऐकू आले की दीर ठेकेदारांना सांगत होते, भिंतीला पोट आले आहे, ती बाहेर फुगते आहे, काम थांबवून वरचे दोन थर उतरवायला हवेत. ठेकेदार म्हणाले की उद्या पाहणीला साहेब येणार आहेत, आज भिंत पुरी झालीच पाहिजे. दिरांनी सगळ्या मजुरांना मागे, झाडापर्यंत सरायला लावले. टेकू लावायला मात्र ते स्वतः पुढे गेले. दहा वाजून पन्नास मिनिटांनी भिंत पडली. शाळेच्या घड्याळात मी पाहिले. मजूर मागे गेले नसते तर आज आणखी चार जणांची नावे या कागदावर असती.

दगड बाजूला केले तेव्हा त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि रक्त येत होते. म्हणजे पाय भिंतीखालीच मोडला होता. हे मी, मुख्याध्यापिका बाईंनी आणि चारही मजुरांनी पाहिले. मी खिडकीच्या दोन पट्ट्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावून, वर्गाचा पडदा फाडून पाय बांधला. बाईंनी फोन केला. रुग्णवाहिका पायथ्याशी आली, पण माणसे दोनच होती आणि वर यायला पाऊण तास लागेल असे कळले. मजुरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला.

येथे मी पाणी मागितले. पाणी पिऊन पुढे सांगते की,

पाय अधांतरी लोंबत असल्याने त्यांना तसे उचलून नेता येत नव्हते. मी पेटी उलटी करून सगळी हत्यारे जमिनीवर ओतली. आत पडदे अंथरले, मागची फळी खाली पाडली, म्हणजे पाय सरळ राहिला. फळी खालून दोरीने ताणून बांधली. ठेकेदार त्या वेळी तिथे नव्हते. ते केव्हा गेले ते मी पाहिले नाही. सव्वाअकराला आम्ही निघालो. पुढे दांडीवर मुख्याध्यापिका बाई, मागे दोर धरून दोन मजूर, आणि ब्रेकवर मी.

दोन्ही वळणे व्यवस्थित पार पडली. वाटेत दीर डोळे मिटून होते. पायऱ्यांपाशी आल्यावर मजूर थांबले. एक जण म्हणाला की इथून पुढे नको. तेव्हा दिरांनी डोळे उघडले आणि पायऱ्यांकडे पाहिले.

ते म्हणाले, "वहिनी, चाकं धरतील ना?"

मी म्हटले, "धरतील, भाऊजी. मी बसवलीयत."

त्यांनी मजुरांना मान हलवून चला म्हणून सांगितले.

एकवीस पायऱ्या मी मोठ्याने मोजल्या, म्हणजे सगळ्यांचे हात एका वेळी सैल पडतील आणि एका वेळी ताणतील. नवव्या पायरीचा कोपरा तुटका आहे. तिथे पुढचे डावे चाक अर्धे हवेत गेले. टायर दबला, दगडाला चिकटून राहिला आणि पुढच्या पायरीवर बसला. पेटी कलंडली नाही. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी आम्ही रुग्णवाहिकेपाशी पोचलो. तिथल्या परिचारिकेने पाय बांधलेल्या अवस्थेतच पाहिला आणि कोणी बांधला असे विचारले. वरपासून खालपर्यंत जखमी व्यक्ती पेटीतून एकदाही पडलेली नाही. पायऱ्यांवर रक्ताचा डाग नाही. जे आहे ते पेटीच्या आत, मागच्या फळीवर आहे.

पेटी काल पंचांसमक्ष ठाण्याच्या आवारात उलटी करून पाहिली. सोळाही नटांवरच्या पांढऱ्या रेघा सरळ आहेत. फौजदार बाईंनी स्वतः बोट फिरवून पाहिले. नंतर दोन शिपायांना पेटीत बसवून ठाण्याच्या समोरच्या पायऱ्यांवरून खाली उतरवून दाखवायला सांगितले. मी उतरवून दाखवले. दोन्ही शिपाई वजनदार आहेत.

जखमी माणसाला अशा पेटीतून नेण्यात धोका आहे हे ठाऊक होते काय, असे विचारले. ठाऊक होते. म्हणून ब्रेक मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

काल चार वाजता मी दवाखान्यात गेले. दुकान काल दिवसभर बंद होते. पाय वाचला आहे. आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. दीर शुद्धीवर होते. मी स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारले, दुकानात आज कोण आहे? मी म्हटले, कोणी नाही, कुलूप आहे. ते म्हणाले, "वहिनी, उद्या उघडा."

त्यामुळे आज सकाळी सात वाजता दुकान उघडून, शेजारच्या वेल्डरला लक्ष ठेवायला सांगून मी ठाण्यात आले आहे, आणि येथून थेट दुकानात जाणार आहे.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी बोल्ट बारा लिहिले होते, ते मी सोळा करून घेतले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर व खरे आहे, म्हणून खाली सही करते.