मॉरिबंड या शब्दाचा अर्थ

नाही अबोली, नुसतं ‘मरणारा’ म्हटलंस तर अर्धेच गुण — बस आधी, आणि ती फाइल टेबलावर ठेव — बाबांच्या कपाटात सापडली म्हणतेस? बरं. मॉरिबंड. हल्ली हा शब्द माणसांना फारसा लावत नाहीत; बंद पडत आलेली गिरणी, कुणी बोलेनाशी झालेली भाषा, अशांना लावतात. मूळ लॅटिन — मोरी म्हणजे मरणं, आपल्या ‘मृ’ धातूचं सख्खं भावंड — आणि पुढचा ‘बंड’ हा प्रत्यय, क्रिया ऐन भरात असल्याचा. म्हणजे मेलेला नव्हे. मरणाच्या वाटेला लागलेला. मरणोन्मुख. हेच सांगितलं मी तुझ्या आईला, गेल्या वर्षी, आयसीयूच्या दाराशी — हो, मीच. तू टोरंटोला होतीस. आणि आपल्या घरात इंग्रजी कागद आला की आधी माझ्याकडे येतो, मग त्यावर सही होते. चाळीस वर्षांचा रिवाज आहे, मी मागून घेतलेला नाही.

विश्वासचं, तुझ्या बाबांचं, आतडं फुटलं होतं. तो डॉक्टर, पोरगेलासा, गुजरातीत भराभर समजावत होता — ‘काका, सांभळो तो खरा’, ऐका तरी म्हणे — मी हात वर केला, म्हटलं, भाई, छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. तुझी आई, नीरा, ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणि पेन घेऊन उभी — ‘दादा, काय लिहिलंय?’ — आणि मी सांगितलं, धातूसकट, प्रत्ययासकट. फार नेमकं सांगितलं. तिनं पेनाला टोपण लावलं. म्हणाली, मग चिरफाड कशाला, घरी नेऊ. हरणीच्या घरी नेलं आम्ही त्याला. तीन दिवस काढले त्यानं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होता. विचारलंन् मला, ‘दादा, ऑपरेशन कधी?’ मी म्हटलं, पड जरा.

अशी काय बघतेस? पुढचं वाच — नको, मला पाठ आहे. मॉरिबंड रुग्ण, शस्त्रक्रिया न केल्यास वाचण्याची शक्यता नाही. न केल्यास. एकच ओळ आहे, अबोली; मी विशेषणापाशी थांबलो. इतका देखणा शब्द कितीतरी वर्षांनी जिवंत कागदावर भेटला होता — पुढचे शब्द साधे, शाळकरी — दिसले नाहीत असं नाही. दिसले होते.

नीराला अजून वाटतं, मी त्याचे हाल वाचवले. दर रविवारी डबा पाठवते — अगं, फाइल कुठे नेतेस? आईला दाखवायला?

ने. दार ओढून घे जाताना, कुत्री शिरतात.